परदेशवारीसाठी क्रेडिट कार्ड घेताय? या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेत मी गेली १४ वर्षं विमानाची तिकिटं काढून देतो. तिकीट हातात पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, जास्त पॉइंट देणारं कार्ड कोणतं?" फॉरेक्स मार्कअप किती, हे कोणी विचारत नाही. आणि पैसे तिथेच जातात.

परदेशात कार्ड वापरलं की बँक विनिमय दरावर आपली टक्केवारी लावते, तो हा मार्कअप. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४.१३. लेकीकडे जर्मनीला जाऊन आलेल्या एका काकूंनी तिथे २ लाख खर्च केले आणि ८,००० पॉइंट जमले म्हणून मला आनंदानं फोन केला. आम्ही स्टेटमेंट घेऊन बसलो. मार्कअप आणि जीएसटी मिळून ८,२६० रुपये गेले होते. त्यांच्या कार्डावर एक पॉइंट २५ पैशांचा, म्हणजे हाती आले २,०००. काकू बराच वेळ कागदाकडेच बघत राहिल्या. मला फार लागलं ते, कारण तिकीट माझ्याकडूनच गेलं होतं आणि कार्डाचं मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून बँकेच्या साइटवरची एमआयटीसीची, म्हणजे कार्डाच्या मुख्य अटी-शर्तींची, पीडीएफ उघडून मी आधी मार्कअपची ओळ शोधतो, पॉइंट नंतर. वर्षातून एकदा जाणाऱ्याने भारी फीचं कार्ड घेऊच नये. शून्य मार्कअपचं साधं कार्ड त्याला पुरतं.

दुसरी चूक माझ्या मेहुण्याची. दुबईच्या हॉटेलात २,००० दिरहॅमचं बिल झालं. मशीनवर दोन आकडे आले, एक दिरहॅममध्ये, एक रुपयांत. "रुपयात दिसून राहिलं होतं, म्हणून तेच दाबलं," तो म्हणाला. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. यातला दर आपली बँक ठरवत नाही, समोरच्याची यंत्रणा ठरवते. त्या दिवशीच्या दराने ४६ हजारांच्या आसपास व्हायचे, तिथे पावतीवर ४८,६०० छापले होते. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत, चलन ग्राहकाने स्वतः निवडलं अशी ओळ. तक्रार करायची तरी कशाची?

नेहमी स्थानिक चलनच निवडा, एटीएमवरसुद्धा. समोरच्याने परस्पर रुपये दाबले तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा. मागे रांग होती म्हणून गप्प बसलो, हे कारण मला पटत नाही.

१ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातला वापर बंदच असतो. ॲपमधून तो घरूनच सुरू करून निघा.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

मॉलमधल्या टेबलावर विमानतळावरच्या फुकट लाउंजच्या नादाने कार्डासाठी सही करू नका. आता कित्येक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला तरच लाउंज मिळतं.

नागपूरहून थेट परदेशी विमानं मोजकीच, म्हणून एकाच विमान कंपनीला बांधलेलं कार्ड मी इथे कोणाला सुचवत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि विस्ताराच्या नावाची कार्डं जपून ठेवणाऱ्यांची सगळी गणितं बदलली. पॉइंट जमले की वर्षभरात वापरून टाका.