फुटबॉल मॅच बघताना फॉर्मेशन कसं ओळखायचं
मॅच सुरू झाली की पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघू नका. अवघड जातं पण करून बघा, कारण फॉर्मेशन, म्हणजे खेळाडूंची मैदानावरची मांडणी, दिसतं ते बॉलपासून लांब. सगळ्यात सोपी वेळ म्हणजे समोरच्या गोलकीपरकडे बॉल असतो तेव्हा, आपली टीम तेव्हा आपापल्या जागेवर उभी असते, मग मागून मोजायचं, गोलकीपर सोडून. ४-४-२ म्हणजे मागे चार डिफेंडर, मधे चार, पुढे दोन.

सुरुवात ४-४-२ पासूनच करा, बाकीचं त्याच्याशी ताडून बघितलं की पटकन समजतं. चार-चारच्या दोन ओळी जवळजवळ ठेवायच्या, समोरच्याला मधून जाऊ द्यायचं नाही. लेस्टर क्लबने २०१५-१६ ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची मुख्य लीग, अशीच जिंकली, बॉल समोरच्याकडे राहिला तरी चालायचं, मिडफिल्डर कान्टे तो हिसकावायचा आणि स्ट्रायकर वार्डी डिफेन्सच्या मागे पळत सुटायचा. अडचण एकच, मिडफिल्डला मधोमध दोघंच, समोर तिघं आले की एकजण मोकळा राहतो.

तो तिसरा माणूस मिळतो ४-३-३ मधे. या तिघांतला सगळ्यात मागचा, ज्याला सहा नंबर म्हणतात, त्याच्यावर एक अख्खा हाफ नजर ठेवा, माझ्या मते फुटबॉल शिकायचा याहून चांगला रस्ता नाही. बार्सिलोनाचा बुस्केट्स घ्या, फार पळताना दिसायचाच नाही, पण बॉल यायच्या आधीच मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवायचा, त्यामुळे एका टचमधे पास निघायचा. फुलबॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, वर गेला की त्याची रिकामी जागा झाकायची हेही सहा नंबरचंच काम. उरलेले दोघं, आठ नंबर, दोन्ही गोलसमोरच्या बॉक्सच्या मधे सतत वर-खाली. आणि विंगर, म्हणजे कडेने अटॅक करणारा, बऱ्याचदा उलट्या बाजूला असतो, रॉबेन डावखुरा असून उजवीकडून खेळायचा, आत वळून डाव्या पायाने शॉट मारता येतो म्हणून, आणि तो आत गेला की बाहेरची पट्टी फुलबॅकला मोकळी.

४-२-३-१ मधे मिडफिल्डला मागे दोघं बसतात आणि पुढे दहा नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणाऱ्याला, मोकळीक मिळते, स्पेनने २०१० चा वर्ल्ड कप बुस्केट्स आणि शाबी अलोन्सो अशी जोडी लावून जिंकला.

मागे तिघं दिसले तर आधी कडेला खेळणारा विंगबॅक शोधा. बॉल असताना तो विंगर, नसताना डिफेंडर, म्हणजे मागचे तीन बघता बघता पाच होतात, सगळ्यात दमवणारी जागा ही. २०१६ मधे आर्सेनलकडून ३-० हरल्यावर कोच कॉन्टेने चेल्सीला ३-४-३ वर नेलं, विंगर असलेल्या मोझेसला विंगबॅक केलं, त्यानंतर सलग १३ लीग मॅच जिंकल्या आणि लीगही.

फॉल्स नाइन, म्हणजे पुढे न थांबता सारखा खाली येणारा स्ट्रायकर, ओळखायचा असेल तर स्ट्रायकरकडे नाही, समोरच्या सेंटरबॅककडे, म्हणजे मधल्या डिफेंडरकडे बघा. २ मे २००९ ला रियाल माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियममधे बार्सिलोनाचा मेस्सी मधे खेळला पण सारखा खाली यायचा, रियालच्या सेंटरबॅकना कळेना की त्याच्या मागे जायचं का जागा धरून थांबायचं, बार्सिलोना ६-२ ने जिंकली.

पुढच्या मॅचला कागद घेऊन बसा, टीमचे दहा टिंब दोनदा काढा, एकदा बॉल असताना, एकदा नसताना. कुठलं टिंब सगळ्यात जास्त हललं ते बघा आणि सेकंड हाफला फक्त त्याच्यावर लक्ष ठेवा.