थंडीत पोट जाम होऊ नये म्हणून

निफाडची थंडी म्हणजे पहाटे नळाखाली हात धरवत नाही, मग ते पाणी पिणार कोण? तहानच लागत नाही. चार कप चहा आणि दोन पेले पाणी, एवढ्यावर माझा दिवस निघायचा. वर डिंकाचे लाडू. दोन वर्षांपूर्वी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन हाणले आणि चौथ्या दिवशी पोटाचा दगड झाला. मी लाडवांना नावं ठेवायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, "त्यांना कशाला बोल लावतेस? तांब्या बघ, सकाळचा भरलेला तसाच आहे."

तर आधी तांब्या. मोठं आतडं मळातलं पाणी शोषत राहतं. वरून पाणी गेलं नाही की खडा होतो. आमचा तांब्या लिटरभराचा. सकाळी कोमट पाण्याने भरायचा, दुपारच्या जेवणापर्यंत संपवायचा, मग दुसरा. मूत्रपिंडाचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांना विचारूनच.

दुसरं दही. "थंडीत लागतच नाही" म्हणून बायका विकतचं आणतात. लागतं, पण विरजणातल्या जिवाणूंना ऊब हवी. दूध तापवून निवू द्या. बोट बुडवून दहा मोजेपर्यंत चटका न बसता ऊब लागली पाहिजे. उन्हाळ्यात अर्धा चमचा विरजण पुरतं, आता दीड घ्या, आणि ते फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढा. थंडगार विरजण टाकलंत तर सकाळी दूधच मिळेल. नीट ढवळून भांडं जुन्या स्वेटरात गुंडाळा आणि पिठाच्या डब्यात, पिठातच, बसवा. दहा-बारा तास हलवायचं नाही. उघडून बघायचा मोह मला आवरत नाही, म्हणून मी रात्री झोपतानाच विरजते. या दह्याचं ताक दुपारी प्या, फ्रीजमधलं गार नको.

बाजरीची भाकरी तर हवीच. 100 ग्रॅम बाजरीत साधारण 11 ग्रॅम चोथा असतो. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, जास्त दिवस ठेवलं की कडवट होतं. सोबत भोगीची भाजी: पावटा, गाजर, वांगं, सोलाणे, तिळाचं कूट. ती फक्त भोगीलाच का करतात कोण जाणे, आमच्याकडे महिनाभर होते. पावट्याने गॅस धरत असेल तर फोडणीत हिंग-ओवा टाका.

इसबगोल घेणार असाल तर पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, कोरडा कधीच नाही. मळातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरकडे जा.

लाडू मी सोडलेला नाही. सकाळी एकच, वर पेलाभर कोमट पाणी. सासूबाई अजूनही जाता-येता तांब्या हलवून बघतात.