डोक्यावरून जाणारे बोळे : रंगमंचावर हशा पिकवणारी जादू कशी करावी

मंचावर एक प्रेक्षक खुर्चीवर बसलाय. जादूगार कागदाचा बोळा त्याच्या डोळ्यांदेखत मुठीत ठेवतो, मूठ उघडतो आणि बोळा गायब होतो. खुर्चीवरचा माणूस चक्रावतो. सभागृह मात्र हसून लोटपोट होतं, कारण बोळा त्याच्या डोक्यावरून मागे फेकला गेल्याचं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इटलीत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले जादूगार टोनी स्लायडिनी (निधन 1991) यांच्यामुळे हा खेळ जगभर गाजला. साहित्य जवळपास फुकटचं असतं आणि गुप्त खिसे-पेट्या काही लागत नाहीत. त्यामुळे सोसायटीचा गणेशोत्सव, शाळेचं स्नेहसंमेलन किंवा ऑफिसचा कार्यक्रम, कुठेही तो बसवता येतो. बिघडतो तो फेकीपेक्षा लय आणि नजरेमुळे, म्हणून सरावाचा बहुतेक वेळ त्यांनाच द्या.

साहित्य

साधारण 30 बाय 30 सेंटिमीटरचे दुपदरी पेपर नॅपकिन 10 ते 12 लागतात. वर्तमानपत्र नको. चुरगळताना ते आवाज करतं आणि मागे पडतानाही करतं. पतंगाच्या कागदाचीही तीच अडचण. नॅपकिनचा बोळा घट्ट वळा. सैल बोळा हवेत उलगडतो आणि मध्येच खाली येतो, बहुतेक वेळा खुर्चीवरच्या माणसाच्या खांद्यावर. छोट्या खोलीत एका नॅपकिनचा बोळा पुरतो. मोठ्या सभागृहात दोन नॅपकिन एकत्र वळून 6-7 सेंटिमीटरचा बोळा करा, म्हणजे शेवटच्या रांगेलाही दिसेल. मागे काळा किंवा गडद पडदा असेल तर पांढरे नॅपकिन उत्तम. मंडळाच्या मंचावर मात्र मागे फोटोंचा भलामोठा फ्लेक्स असतो आणि त्यावर पांढरा बोळा हरवून जातो. तिथे एकाच रंगाचे, गडद लाल किंवा हिरवे नॅपकिन घ्या.

खुर्ची बिनहाताची, पाठ असलेली आणि न फिरणारी हवी. मंच लाकडी असेल तर खुर्चीमागे सतरंजी अंथरा. नॅपकिनचा आवाज कमीच असतो, पण घट्ट बोळा पोकळ फळीवर पडला की ऐकू येतो.

मंचाची मांडणी

खुर्ची प्रेक्षकांना आडवी ठेवा. बसलेल्या माणसाचं तोंड प्रेक्षकांच्या डाव्या हाताकडे असावं, म्हणजे त्याची डावी बाजू सभागृहाला दिसते. तुम्ही त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, पण अर्धं पाऊल मागच्या पडद्याकडे सरकून उभे राहा. असं उभं राहिलं की तुमचा उजवा हात प्रेक्षकांच्या बाजूला येतो, फेक सगळ्यांना स्पष्ट दिसते आणि त्याचा चेहराही झाकला जात नाही. निम्मा विनोद त्या चेहऱ्यावरच असतो. डावखुऱ्यांनी सगळं उलटं करावं.

पंख्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मंचावरचा स्टँडचा पंखा चालू असेल तर बोळा भलतीकडे जातो, म्हणून पाच मिनिटं तो बंद करायला सांगा. दिवेही एकदा तपासा. खुर्चीच्या बरोबर वर प्रखर दिवा असेल तर उडत्या बोळ्याची सावली त्या माणसाच्या मांडीवर पडते आणि तो वर बघतो. खुर्ची दोन-तीन फूट सरकवली की प्रश्न मिटतो.

दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे हातात धरायचा माइक चालणार नाही. कॉलर माइक नसेल तर स्टँड पडद्याच्या बाजूला लावा, आणि समोरच्याचं उत्तर सभागृहाला ऐकू गेलं नाही तर ते स्वतः मोठ्याने म्हणून दाखवा.

मूळ हालचाल

पहिल्यांदा बोळा खरोखर डाव्या हातात ठेवण्याचा सराव करा. खरं ठेवणं कसं दिसतं हे हाताला कळल्याशिवाय खोटं ठेवणं पटत नाही.

1. डावा हात उघडा, तळवा वर करून समोरच्याच्या छातीच्या पातळीला धरा, त्याच्यापासून 30-35 सेंटिमीटरवर. त्यापेक्षा वर नको. या हाताकडे बघताना त्याची नजर खाली झुकली पाहिजे.

2. बोळा उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर धरा. "एक" म्हणत हात त्याच्या टाळूच्या पातळीच्या जरा वर न्या आणि खाली आणून बोळा डाव्या तळव्याला टेकवा. "दोन" म्हणत तेच पुन्हा करा, तेवढीच उंची, तोच वेग.

3. तिसऱ्यांदा हात वर गेला की न थांबता, अंगठ्याच्या हलक्या झटक्याने बोळा मागे सोडा. तो डोक्यापासून वीतभर वरून जावा आणि खुर्चीमागे साधारण मीटरभर अंतरावर पडावा.

4. हात त्याच गतीने खाली येतो, तुम्ही "तीन" म्हणता, रिकामी बोटं तळव्याला टेकतात आणि डावी मूठ मिटते.

हे दिसत कसं नाही? सरळ समोर बघणाऱ्याला वरच्या बाजूचं साधारण 60 अंशांपर्यंत दिसतं, त्यापुढे भुवई आड येते. नजर 30-40 अंश खाली झुकली की तेवढीच कक्षा वरूनही कमी होते, आणि टाळूपाशी गेलेला हात कक्षेच्या काठावर किंवा बाहेर जातो. काठावर काही हललं तरी त्याने पहिल्या दोन वेळा तीच हालचाल पाहिलेली असते. म्हणून पहिल्या दोन झोकांची उंची कमी आणि तिसऱ्याची जास्त झाली की खेळ संपला. नवशिक्या हमखास इथेच अडकतो. त्याचा हात वर जरासा रेंगाळतो किंवा तो जोर लावून फेकतो. जोर लागतच नाही, हाताच्या झोकानेच बोळा जातो.

दुसरी चूक डोळ्यांची. बोळा कुठे पडला हे बघायची इच्छा अनावर होते. तुम्ही पाहिलंत की तोही मान वळवतो. मोजायला लागल्यापासून मूठ उघडेपर्यंत तुमची नजर डाव्या हातावरच हवी.

सराव मोबाइलवर करता येतो. फोन जमिनीपासून साधारण 115-120 सेंटिमीटरवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, थोडा खाली झुकवून ठेवा आणि चित्रण करा. बोळा सुटताना त्यात दिसला तर फेक नक्कीच चुकली. दिसला नाही म्हणजे साधलीच असं नाही, कारण कॅमेऱ्यापेक्षा डोळ्याला जास्त दिसतं. शेवटची परीक्षा घरातल्या एखाद्या शंकेखोर माणसावर घ्या.

माणूस कोणाला बोलवायचा

हसऱ्या चेहऱ्याचा, स्वतःवरचा विनोद सहन करणारा मोठा माणूस शोधा. लहान मुलं नकोत, ती सतत मागे वळून बघतात. प्रमुख पाहुण्यांना न विचारता बसवू नका. मित्रांनी ढकलत पुढे पाठवलेला लाजाळू माणूसही टाळा, तो हशाने आणखी आक्रसतो. केस उंच बांधलेले असतील तर फेक वीतभर वाढवावी लागते, एवढं ध्यानात असू द्या.

बोलणं आणि क्रम

पहिली फेक शक्यतो मोजण्यापलीकडे काही न बोलता करा. सभागृहाला काय झालं ते कळायला क्षणभर लागतो आणि हशा उशिरा येतो. याच क्षणी धोका असतो, कारण हशा ऐकून खुर्चीवरचा माणूस कारण शोधू लागतो. त्याला खोटं कारण तयार द्या: "हसू द्या त्यांना काका, तिकीट न काढता आलेत." किंवा, "मागच्या कार्यक्रमात मी इथेच चुकलो होतो, म्हणून हसतायत."

मूठ मिटल्यावर लगेच उघडू नका. "कुठल्या हातात?" असं विचारा, उत्तर येऊ द्या, मग करंगळीपासून एकेक बोट उघडा. नंतर उजवा तळवाही दाखवा.

दुसरी फेक "आता अगदी सावकाश करतो" असं सांगून करा. खरोखर सावकाश करायची नाही, वेग तोच ठेवायचा. तिसरीच्या आधी बाह्या कोपरापर्यंत दुमडा, त्याने त्याचा बाहीवरचा संशय संपतो. चौथीला चार नॅपकिनचा, हातात जेमतेम मावेल असा बोळा वळा आणि वळताना भरपूर वेळ घ्या. "एवढा मोठा गायब करणार?" हा प्रश्न सभागृहाच्या डोळ्यांत दिसला पाहिजे. पाचवी फेक करूच नका. तोवर त्याला शंका आलेली असते आणि विनोदही ताणला जातो. सगळं मिळून चार ते पाच मिनिटं पुरेत.

मागे पडलेले बोळे उचलायला कुणी धावून येतं, त्याला आधीच सांगून ठेवा. ते तिथे साचायला हवेत.

पुढच्या रांगेतली मुलं "मागे टाकला! मागे बघा!" असं ओरडणारच. ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे डोळा मारा, ती तुमच्या कटात सामील होतात. तरीही ओरड थांबली नाही तर "या मुलांना माझ्या मागे भूत दिसतंय" म्हणा आणि पुढच्या फेकीला हात घाला. मधेच तो मागे वळला तर खेळ सावरायच्या फंदात पडू नका. तिथेच शेवट करा.

शेवट असा करा: चौथा बोळा गेल्यावर त्याला उभं करा आणि खांद्याला न धरता, हाताने दाखवून मागे वळायला सांगा. तो ढीग बघतो तो क्षण त्याचा असतो, त्यात बोलू नका. हशा ओसरू लागला की टाळ्यांची सुरुवात स्वतः करा, त्या त्याच्याकडे वळवा, आणि त्याला खुर्चीपासून मंचाच्या पायरीपर्यंत सोडायला जा. त्याच कार्यक्रमात पुन्हा हा खेळ दाखवायचा आग्रह झाला तर नकार द्या, कारण आता खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला बोळा कुठे जातो ते माहीत असतं.