कढीपत्त्याची पिल्लं लावताय? या चुका टाळा

शेजारच्या काकू कढीपत्त्याचं रोप मागतात, आपल्या झाडाखाली दहा-बारा पिल्लं आलेलीच असतात, मग एक धरून ओढायचं, ते टचकन निघतं, खाली इंचभर मूळ, आणि आठ दिवसांत कुंडीत नुसती काडी. मी अशी पाच-सहा तरी मारलीत. आणि नाव काय, तर काकूंच्या हाताला गुण नाही!

भानगड मातीखाली असते. कढीपत्त्याची मुळं वरच्यावर आडवी पसरतात, त्यांच्यावरच हे फुटवे येतात, म्हणजे पिल्लू आईच्या मुळावर जगतं, स्वतःची तंतुमुळं जवळपास नसतातच. म्हणून ओढायचं नाही. फूटभर उंच, पेन्सिलीएवढं जाड पिल्लू निवडा, खुरप्याने माती बाजूला करून आडवं मूळ शोधा, आईच्या बाजूने ते सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापा आणि माती परत लोटून तीन-चार आठवडे तिथेच राहू द्या. तेवढ्यात ते स्वतःची मुळं धरायला लागतं, मग मातीच्या गड्ड्यासकट उचला. उकरल्यावर आडवं मूळ न दिसता सरळ खाली सोटमूळ गेलेलं दिसलं तर ते पिल्लू नाहीच, बुलबुलाने फळं खाऊन टाकलेल्या बीचं रोप आहे. ते लगेच काढलंत तरी चालेल, फक्त सोटमूळ तोडू नका.

थंडीत हा उद्योग नको, डिसेंबर-जानेवारीत झाड सुस्त असतं. पाऊस नीट सुरू झाला की करा.

लावल्यावर वरची निम्मी पानं छाटा, मन घट्ट करून. दोन आठवडे सावली. खत अजिबात नाही, शेणखतसुद्धा नवीन फूट आल्यावरच. पानं पिवळी पडून गळली की लोक घाबरून रोज पाणी ओततात आणि मूळच कुजतं. त्यापेक्षा नखाने साल जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे, माती वरून सुकली की मगच पाणी.

नवी पानं आली आणि रातोरात गायब झाली तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधा. कढीपत्ता लिंबाच्याच खानदानातला, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं इथेही अंडी घालतात. दोन-चारच असतात, हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडा, तिथे पानं भरपूर आहेत. आणि फोडणीसाठी वर्षभर तरी या रोपाला हात लावू नका, काकूंनाही तसं बजावून ठेवा.