अँटीव्हायरसचे अपडेट अडकले की आधी यादी वाचा

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स किंवा बीसीए करून भोसरी, चाकण, हिंजवडीकडे डेस्कटॉप सपोर्टला लागलात की फार दिवस जात नाहीत, एक मेल येतोच: अँटीव्हायरसच्या कन्सोलवर पन्नास-साठ मशीन लाल दिसताहेत, आजच्या आज बघा. कन्सोल म्हणजे अँटीव्हायरसच्या सर्व्हरवर सगळ्या मशीनची स्थिती दाखवणारी स्क्रीन, आणि लाल म्हणजे अपडेट अडकलेलं मशीन. नवीन मुलं लगेच पहिल्या मशीनचा रिमोट घेतात आणि एजंट (मशीनवर बसवलेला अँटीव्हायरसचा प्रोग्रॅम) काढून परत टाकायला बसतात. संध्याकाळपर्यंत पाच-सहा मशीन होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी पुन्हा लाल. मी भोसरीच्या एका कारखान्यात बरीच वर्षं हेच काम करतेय. माझं सांगणं एवढंच की मशीनला हात लावण्याआधी यादी वाचायला शिका.

कन्सोलवरून यादी एक्सेलमध्ये काढा. त्यात मशीनचं नाव, विभाग, आयपी, विंडोजची आणि एजंटची आवृत्ती, डेफिनिशनची (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या फाइलची) तारीख आणि सर्व्हरशी शेवटचा संपर्क कधी झाला, एवढे रकाने हवेतच. मग एकेका रकान्यावर सॉर्ट लावत जा. लाल मशीन एकाच आयपी रेंजमधली निघाली तर स्विच, फायरवॉल किंवा प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये लागणारा सर्व्हर) तपासा. सगळ्यांची डेफिनिशन एकाच तारखेला थांबली असेल तर क्लायंटवर वेळ घालवूच नका, दोष सर्व्हरकडे आहे. बहुतेकदा तिथे डिस्क भरलेली असते, कारण जुनी डेफिनिशन आणि लॉग साठत राहतात. नाहीतर लायसन्स संपलेलं असतं, किंवा प्रॉक्सीचा पासवर्ड कोणीतरी बदललेला असतो आणि सर्व्हरलाच बाहेरून काही मिळत नसतं.

डेफिनिशनची तारीख आणि शेवटचा संपर्क हे दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवा. संपर्क आजचा आणि डेफिनिशन जुनं, तर अपडेटची वाट अडलीय. संपर्कच जुना असेल तर अपडेटचा प्रश्न नंतरचा. आधी मशीन चालू आहे का, एजंटची सर्व्हिस सुरू आहे का, सर्व्हरपर्यंत पोर्ट उघडा आहे का ते बघा. आमच्याकडे गुरुवारी वीज बंद आणि सुट्टी. त्यामुळे शुक्रवारी सकाळी मशीन सुरू होताहेत तोवर कन्सोल लालेलाल दिसतो. तासाभराने परत बघा, मगच टिकीट (तक्रारीची नोंद) उघडा.

कधीकधी मशीन असतात चाळीस आणि कन्सोलवर दिसतात पंधराच, त्यांचीही नावं सारखी बदलत राहतात. अशा वेळी नवीन पीसी कोणत्या इमेजवरून (तयार डिस्कच्या नकलेवरून) केले ते विचारा. एजंटसकट इमेज काढून क्लोन केली की सगळ्यांचा ओळख क्रमांक एकच होतो आणि सर्व्हरला ती सगळी एकच मशीन वाटतात. तो क्रमांक नव्याने तयार करायची पद्धत तुमच्या अँटीव्हायरसच्या कागदपत्रांत असते, तीच वापरा.

यादीत न बसणारी एकटी-दुकटी मशीन उरतात तिथे जागेवर जा. डिस्पॅचच्या टेबलावरचा एक जुना पीसी रोज सकाळी अपडेट नाकारायचा आणि दुपारी कोणी हाताने तारीख दुरुस्त केली की घ्यायचा. लॉगमध्ये सर्टिफिकेट वैध नसल्याची ओळ होती. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली होती, म्हणून प्लग काढला की तारीख मागे जायची, आणि त्या तारखेला सर्व्हरचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसायचं. नाण्याएवढी बॅटरी बदलली आणि काम झालं. डोमेनमधल्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य सर्व्हरला (डोमेन कंट्रोलरला) जोडलेल्या मशीनना वेळ त्याच्याकडूनच मिळते, म्हणून हा प्रकार शॉपफ्लोअरच्या सुट्या पीसींवर जास्त दिसतो.

शॉपफ्लोअरवर टेस्टिंग आणि मोजमापाच्या यंत्रांना जोडलेली विंडोज ७ अजूनही सापडते. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. २०१९ मध्ये आलेले एसएचए-२ सहीचे (फाइल खरी असल्याची डिजिटल खूण तपासायचे) पॅच तिच्यावर नसतील तर नव्या फायलींची सही तिला तपासताच येत नाही. एजंट कितीही वेळा टाका, उपयोग नाही. अशा मशीनवर जाताना ऑपरेटरशी नीट बोला. “काका, जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं मशीन मिळेल का?” असं विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. चालू शिफ्टमध्ये रीस्टार्ट मारलात तर पुढच्या वेळी कोणी दारात उभं करणार नाही.

विंडोजचा डिफेंडर असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच्या ऑपरेशनल लॉगमध्ये २००१ क्रमांकाचा इव्हेंट शोधा. अपडेट फसल्याची नोंद तिथे एरर कोडसकट असते. तो कोड न वाचता इलाज सुरू करू नका. आणि “तात्पुरतं” म्हणून प्रोटेक्शन बंद करून किंवा अख्खा सी ड्राइव्ह वगळून मशीन कधीच सोडू नका.

कारण सापडलं तरी उपाय एकदम सगळीकडे पाठवू नका. बरेच दिवस मागे राहिलेल्या मशीनना फक्त बदललेल्या भागाचं छोटं अपडेट पुरत नाही, डेफिनिशनचं पूर्ण पॅकेज लागतं. दोनशे मशीननी ते एकाच वेळी ओढलं तर कारखान्याची लाइन तुंबते आणि ईआरपीवाले तुमच्या नावाने ओरडतात. विभागवार वेळा लावा. अपडेट बिघडलेलंही असू शकतं: २१ एप्रिल २०१० ला मॅकअफीच्या एका डेफिनिशनने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली, आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. म्हणून आधी आयटीची चार मशीन, मग एक विभाग, मग बाकीचे.

शेवटी कन्सोल हिरवा झाला तरी प्रत्येक विभागातल्या एखाद्या मशीनवर बसून डेफिनिशनची तारीख स्वतः वाचा. इंजिन जागं आहे का हे बघायला आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते; सिक्युरिटीवाल्यांना आधी कळवून ती वापरा. डेफिनिशन ताजं असल्याचा पुरावा मात्र ती देत नाही, त्यासाठी तारीखच बघावी लागते. जी मशीन तरीही अपडेट घेत नाहीत ती टिकीटमध्ये नावानिशी, कारणासकट उघडी ठेवा आणि त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग केलेल्या भागात) टाकायची परवानगी साहेबांकडून लेखी घ्या.