अलैंगिक व्यक्तीची गोष्ट मांडताना: ग्रामीण विदर्भातील वार्ताहर, नाटककार आणि निवेदकांसाठी

ज्या व्यक्तीला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटत नाही, किंवा अगदी क्वचित वाटते, तिला अलैंगिक किंवा असेक्शुअल म्हणतात. आपल्याकडच्या बातम्यांत, नाटकांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत ही व्यक्ती येत नाही असे नाही. ती येते, पण दुसऱ्याच नावाने येते. 'शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळेना' या लेखातला पस्तिशीचा तरुण, नाटकात हशा पिकवण्यापुरता आणलेला बिनलग्नाचा काका, भावंडांसाठी 'त्याग' करून राहिलेली ताई, ही ती नावे होत. यांतले बहुतेक जण अलैंगिक नसतीलच. मुली शेतीवाल्या घरात यायला नाही म्हणतात ही गोष्ट खरी आहे आणि तिच्यावर लिहिलेच पाहिजे. परंतु ज्याला लग्नाची ओढच वाटत नाही, त्यालाही आपण त्याच रांगेत उभे करतो आणि त्याचे खरे म्हणणे विचारायचे राहून जाते. मी अनेक वर्षे यवतमाळ जिल्ह्यातून बातम्या पाठवतो आहे आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. त्या अनुभवातून आणि पुढच्या वाचनातून जे हाती लागले, ते माझ्यासारखे काम करणाऱ्यांसाठी येथे मांडतो.

शब्द कोणता वापरावा

मराठी वाचकाला 'अलैंगिक' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, अलैंगिक प्रजननाच्या धड्यात, अमिबा आणि हायड्राच्या सोबतीने. त्यामुळे मथळ्यात नुसता 'अलैंगिक तरुणी' असा शब्दप्रयोग केला तर वाचकाच्या मनात विचित्र चित्र उभे राहते. पहिल्या परिच्छेदात 'ज्यांना लैंगिक आकर्षण वाटत नाही अशा व्यक्ती' असे सरळ सांगावे, त्यानंतर 'अलैंगिक' किंवा 'असेक्शुअल' हा शब्द द्यावा आणि पुढे तोच एक शब्द शेवटपर्यंत ठेवावा. दर वाक्यात पर्याय बदलत राहिल्यास वाचकाला त्या वेगवेगळ्या गोष्टी वाटू लागतात.

'नपुंसक', 'थंड', 'कमजोरी असलेला' हे शब्द कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. नपुंसकता ही शरीराच्या क्षमतेविषयीची संज्ञा आहे, तर अलैंगिकता आकर्षणाविषयीची आहे. शरीर पूर्णपणे निरोगी असूनही आकर्षण वाटत नाही असे होऊ शकते. 'तृतीयपंथी' या शब्दाशीही गल्लत होऊ देऊ नये. आपण स्त्री, पुरुष की आणखी कोणी, ही लिंगभावाची ओळख आहे आणि १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जी मान्य केली ती ही ओळख. कोणाविषयी ओढ वाटते, किंवा कोणाविषयीच वाटत नाही, हा निराळा प्रश्न आहे.

आणखी एक भेद लेखात आलाच पाहिजे. लैंगिक आकर्षण न वाटणाऱ्या काहींना प्रेम वाटते, सोबत हवीशी वाटते, काही जण लग्न करतात, काहींना मुलेही असतात. काहींना प्रेमाची तशी ओढही नसते. त्यांना अरोमँटिक म्हणतात. काहींना खोल जिव्हाळा जुळल्यावरच आकर्षण वाटते. त्यांच्यासाठी डेमीसेक्शुअल हा शब्द आहे. एवढे सगळे एका लेखात कोंबण्याची गरज नाही, मात्र 'अलैंगिक म्हणजे ज्याला लग्न नको' असे समीकरण कुठेही छापले जाऊ नये.

समोरची व्यक्ती स्वतःसाठी कोणताच शब्द वापरत नसेल तर आपण तिला तो चिकटवू नये. "मले तसं काई वाटतच नाही" असे ती म्हणाली असेल तर तेच वाक्य, तिच्याच बोलीत, अवतरणात द्यावे. माझ्या मते कोणत्याही परिभाषेपेक्षा ते अधिक नेमके असते, आणि ते प्रमाण भाषेत 'सुधारून' घेण्याचा मोह संपादकाने आवरावा.

ब्रह्मचर्याशी होणारी गल्लत

वर्धा ज्यांच्या जवळ आहे, त्यांना हा मुद्दा विशेष जपावा लागतो, कारण आपल्याकडे 'लग्न केले नाही' म्हटले की आदराने ब्रह्मचर्याचेच नाव घेतले जाते. गांधीजींनी १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि १९३६ साली ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. वासनेशी झालेल्या झगड्याविषयी त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहिले आहे. विनोबांनी १९५९ साली पवनारला स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनीही ब्रह्मचर्य जाणीवपूर्वक स्वीकारले. व्रत घेणारा काहीतरी आवरत असतो, त्यासाठी निश्चय करतो आणि तो निश्चय रोज पाळतो. अलैंगिक व्यक्तीने असा निश्चय केलेला नसतो. तिला आवरण्यासारखे काही जाणवतच नसते. म्हणून 'आधुनिक ब्रह्मचारिणी' असा गौरवाचा मथळाही तिच्यावर अन्यायच करतो. त्यात तिच्या साध्या स्वभावाला तपश्चर्येचे रूप येते, आणि उद्या तिने कोणावर प्रेम केले तर गाव म्हणेल की तपोभंग झाला.

याची दुसरी बाजूही आहे. होऊन गेलेल्या संतांना, समाजसेवकांना किंवा अविवाहित नेत्यांना अलैंगिक ठरवून 'आपल्या परंपरेतही हे होते' असे सिद्ध करण्याचा प्रयत्न करू नये. त्यांनी स्वतःविषयी जे सांगितले नाही, ते आपण त्यांच्या नावावर टाकू शकत नाही.

कारणाचा शोध थांबवावा

वार्ताहराला 'का?' विचारण्याची सवय असते आणि इतर बातम्यांत ती चांगलीही असते. येथे मात्र ती घात करते, कारण त्या प्रश्नातच असे गृहीत धरलेले असते की काहीतरी बिघडले आहे. लहानपणी काही घडले का, पत्रिकेत काही दोष आहे का, डॉक्टरला किंवा देवऋष्याला दाखवले का, हे प्रश्न त्या व्यक्तीला घरातल्या प्रत्येकाने आधीच विचारलेले असतात.

अशा शोधातून काय निघते याचे मोठे उदाहरण अमेरिकन दूरचित्रवाणीवर आहे. 'हाउस' या रुग्णालयातील कथांच्या मालिकेत २०१२ साली एका भागात स्वतःला अलैंगिक म्हणवणारे एक जोडपे दाखवले. मालिकेतल्या डॉक्टरने त्यामागे काहीतरी वैद्यकीय कारण असणारच अशी पैज लावली आणि कथेने त्यालाच जिंकवले: नवऱ्याच्या पीयूष ग्रंथीजवळ गाठ निघाली आणि बायकोने केवळ त्याच्यासाठी सोंग घेतल्याचे कबूल केले. लक्षावधी प्रेक्षकांपैकी अनेकांनी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला असेल, आणि त्याच तासात त्यांना सांगितले गेले की असे कोणी नसतेच, एक आजारी असतो आणि दुसरा खोटे बोलतो. आपल्या लिखाणात ही रचना येऊ देऊ नये.

वैद्यकशास्त्राची भूमिका पुढच्याच वर्षी अधिक स्पष्ट झाली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत असे नमूद आहे की, जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक मानते तिच्यावर लैंगिक इच्छेच्या विकाराचे निदान लादू नये. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसारही, एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक चालीप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरवता येत नाही. डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर हे दोन संदर्भ सोबत न्यावेत. मात्र ज्याची इच्छा पूर्वी होती आणि अचानक गेली, किंवा ज्याला त्याचा त्रास होतो आहे, त्याने डॉक्टरकडे जावे हा सल्ला योग्यच आहे. थायरॉइड, नैराश्य, काही औषधे अशी कारणे असू शकतात. तो वेगळा लेख आहे, तो वेगळ्या दिवशी छापावा.

लेख ज्या पानावर येणार, त्या पानावरच्या जाहिरातीही पाहून घ्याव्यात. 'मर्दानी ताकद' वाढवण्याच्या औषधांच्या जाहिराती आपल्या भागात एस. टी. स्थानकाच्या भिंतींपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र असतात. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात या लेखाच्या खाली आली, तर वाचकाने लेखातून काय घ्यायचे ते ती जाहिरातच ठरवून टाकते.

ओळख लपवणे, हे सर्वांत कठीण काम

शहरात नाव बदलले की ओळख लपते, दोन हजार वस्तीच्या गावात लपत नाही. 'तालुक्यातील एका गावची ३४ वर्षांची शिक्षिका, वडील नाहीत, भाऊ पुण्याला' एवढे लिहिले तरी पानटपरीवर दहा मिनिटांत नाव निघते. माझ्याकडून नेमके हेच झाले. मी एका स्त्रीविषयी लिहिले, नाव बदलले, गाव बदलले, पण तिच्या अंगणातल्या रामफळाच्या झाडाचे आणि तिच्या शिवणयंत्राचे वर्णन ठेवले, कारण ते मला सुंदर वाटले होते. पुरवणीच्या टेबलावर मथळा बदलून 'नको गं बाई लगीन!' असा झाला आणि सोबत नवरीच्या वेशातले एक विकतचे छायाचित्र आले. दुसऱ्या आठवड्यात तिची आई माझ्या घरी येऊन ओसरीवर बसली. ती काही बोलली नाही. पाणी पिऊन निघून गेली.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. वय, व्यवसाय, भावंडे, जात आणि गावाची खूण या पाचांपैकी दोनाहून अधिक गोष्टी खऱ्या ठेवत नाही, आणि त्या बदलल्याचे वाचकाला स्पष्ट सांगतो. मजकूर छापण्याआधी त्या व्यक्तीला पूर्ण वाचून दाखवतो. फोनवर वाचून दाखवायचा असेल तर ती घरात एकटी आहे ना हे आधी विचारतो, कारण एकाच खोलीत सगळे घर असते. व्हॉट्सॲपवर मसुदा पाठवत नाही, कारण फोन बहुधा घरातल्या सगळ्यांचा असतो. आणि मथळ्याची मंजुरी लेखी घेतो. लेखाचे कात्रण सोयरिकीच्या बोलणीत कोणाच्या तरी हाती पडणार आहे असे समजूनच प्रत्येक ओळ तपासावी. होकार दिलेल्या व्यक्तीने छापण्याच्या आदल्या रात्री माघार घेतली, तर वाद न घालता मजकूर मागे घ्यावा.

रंगमंच आणि पडदा

दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात आणि वडसा, ब्रह्मपुरीच्या बाजूला रात्ररात्र नाटके चालतात. बिनलग्नाचा पुरुष या नाटकांत दोनच कामांसाठी येताना मी पाहिला आहे, हसवण्यासाठी किंवा शेवटच्या अंकात कोणावर तरी भाळण्यासाठी. नवे नाटक लिहिणाऱ्याला माझी विनंती आहे की त्याने अशा पात्राला आधी काम द्यावे: त्याची शेती, त्याचे कर्ज, भावाशी बांधाचे भांडण, पुतणीचे शिक्षण. आकर्षणाचा विषय एका प्रवेशात यावा आणि बाकीच्या नाटकात तो माणूस आपल्या कामाला असावा. शेवटच्या अंकात त्याला 'बरे' करू नये, मारू नये आणि त्याचे लग्नही लावू नये.

हे जमते, याचा दाखला अमेरिकेतल्या 'बोजॅक हॉर्समन' या व्यंगचित्र मालिकेत आहे. तीतला टॉड हा आधीपासून लोकांना आवडलेला मित्र होता. २०१७ च्या चौथ्या पर्वात तो आपण अलैंगिक असल्याचे सांगतो, आणि त्यानंतरही त्याचे उद्योग, त्याची फजिती, त्याची मैत्री चालूच राहते. उलट उदाहरण जगहेडचे. आर्ची कॉमिक्सने २०१६ साली आपल्या पुस्तकात या पात्राला अलैंगिक म्हटले, पण त्यावर आधारलेली 'रिव्हरडेल' ही मालिका २०१७ साली आली तेव्हा तिने त्याला प्रेयसी दिली. छापील पानावर मिळालेली जागा पडद्यावर अशी सहज पुसली जाऊ शकते, म्हणून एखाद्या कथेचे रूपांतर करताना हा धागा प्रथम तपासावा.

आकडे, आणि प्रश्नांची उत्तरे

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ साली ब्रिटनमधील अठरा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे मांडले की सुमारे १ टक्का लोकांनी आपल्याला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण कधी वाटले नसल्याचे सांगितले. हा आकडा देताना देश आणि वर्ष द्यावे. त्या टक्केवारीने आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या गुणून बातमी करू नये.

सामुदायिक रेडिओवर किंवा साप्ताहिकात वाचकांच्या प्रश्नांचे सदर असेल तर त्याला मराठीत भक्कम परंपरा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचे मासिक सुरू केले. त्यातल्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. उत्तर देताना प्रश्नकर्त्याला 'काळजी करू नका, लग्नानंतर सगळे ठीक होते' असे कधीही सांगू नये, कारण त्या एका वाक्यावर दोन माणसांचे आयुष्य बांधले जाते. असे वाटणारे लोक जगभर आहेत, २००१ साली सुरू झालेल्या 'एव्हन' या संकेतस्थळावर ते एकमेकांना भेटत आले आहेत, भारतातही डॉ. प्रगती सिंग यांनी त्यांच्यासाठी 'इंडियन एसेस' हा समूह उभा केला, एवढे सांगावे. लग्नाची बोलणी चालू असतील तर समोरच्या स्थळाला अंधारात ठेवू नये, हेही सांगावे. त्या मुलीचा किंवा मुलाचाही तो हक्क आहे.

निमित्त हवे असेल तर ६ एप्रिल हा २०२१ पासून आंतरराष्ट्रीय अलैंगिकता दिन म्हणून पाळला जातो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जागृती सप्ताह असतो. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे कापसाची वेचणी आणि दिवाळी एकत्र येतात, पाने जाहिरातींनी भरतात आणि असा लेख कापला जातो, म्हणून मी एप्रिल निवडतो. लेख आल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या व्यक्तीला एक फोन करावा, गावात काही बोलले गेले का ते विचारावे, आणि गेले असेल तर पुढच्या मजकुरात काय बदलायचे ते तिच्याकडूनच लिहून घ्यावे.