कस्टम टरेटवाला रायफल स्कोप कसा निवडायचा: डायल सगळ्यात शेवटी

कस्टम बॅलिस्टिक टरेट म्हणजे स्कोपच्या वरच्या गोल नॉबवर नुसते क्लिकचे (नॉब फिरवताना लागणाऱ्या ठरावीक टप्प्यांचे) आकडे नसतात, तुमच्या रायफलच्या आणि तुमच्या गोळीच्या हिशोबाने थेट अंतरं कोरलेली असतात, २००, ३००, ४०० अशी. रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) ३७० दाखवलं की नॉब ३७० वर आणा आणि नेम सरळ जिथे मारायचं तिथेच धरा. ल्युपोल्डचं सीडीएस (कस्टम डायल सिस्टिम) हे ह्यातलं बऱ्याच जणांनी ऐकलेलं नाव, झाईस आणि स्वारोव्स्कीकडेही आपापले बॅलिस्टिक टरेट आहेत. शिकारीचं लायसन मिळतं अशा ठिकाणी, लांबच्या शॉटला, ही खरंच कामाची गोष्ट आहे कारण जनावर समोर असताना डोक्यात गणित करावं लागत नाही. पण बरेच लोक स्कोप आणि कोरलेला डायल (म्हणजे हाच नॉब) एकाच दिवशी ऑर्डर करतात, म्हणजे ती गोळी आपल्या नळीतून किती वेगाने जाते हे माहीत नसतानाच, आणि मग डायलवरची अंतरं कोणातरी दुसऱ्याच्याच रायफलची निघतात.

सुरुवात अंतरापासून करा. तुम्ही किती लांबून मारणार आहात? डायलवर ७०० लिहिता येतं म्हणून ७०० वर मारायचं असं नसतं. ४०० मीटरला गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकू शकतं. शिवाय शिकारीच्या बऱ्याच गोळ्यांना आत गेल्यावर नीट फुलायला सेकंदाला साधारण ५५० मीटर तरी वेग उरलेला लागतो (नेमका आकडा गोळीच्या कंपनीकडे मिळतो, तो बघाच), त्यामुळे खरी मर्यादा स्कोप नाही तर गोळी आणि तुमचा हात ठरवतो.

आता स्कोप. माझ्या मते इथे सगळ्यात आधी काच नाही तर ट्रॅकिंग बघायचं. म्हणजे नॉब जेवढा फिरवला तेवढाच नेम सरकतो का, आणि परत आणला की झिरो (ठरलेल्या अंतराला नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली जागा) जागेवर येतो का. शोरूममध्ये हे कळत नाही, तिथे सगळेच क्लिक छान वाजतात. त्यानंतर झिरो स्टॉप हवाच, म्हणजे अंधारात किंवा घाईत नॉब उलटा फिरवला तरी झिरोवर येऊन अडकतो, आणि नॉबला लॉक असेल तर सोन्याहून पिवळं, कारण झाडीतून चालताना पिशवीला घासून डायल फिरलेला असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. तुमच्या मर्यादेपर्यंतचं सगळं अंतर एकाच फेऱ्यात बसतंय का तेही बघा. अंदाज म्हणून, ६.५ क्रीडमोर (काडतुसाचा एक प्रकार) १०० मीटरला झिरो केली तर ५०० ला गोळी साधारण दीड ते पावणेदोन मीटर खाली येते, म्हणजे तीन-साडेतीन मिल (कोनाचं माप, १ मिल म्हणजे १०० मीटरला १० सेंटीमीटर), आणि दुसरा फेरा सुरू झाला की आपण कुठल्या फेऱ्यात आहोत ह्याचा गोंधळ होणारच.

मिल घ्यायचं की एमओए (कोनाचंच दुसरं माप) ह्यावर लोक उगाच भांडतात. ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरला १ सेंटीमीटर, पाव एमओएचा क्लिक साधारण ७ मिलीमीटर. डायलवर अंतरच कोरलेलं असणार आहे तेव्हा दोन्ही चालतं, फक्त रेटिकल (स्कोपमधून दिसणारी नेमाची फुली आणि खुणा) आणि टरेट एकाच मापाचे घ्या.

झूम फार मोठा घेऊ नका. ३-१५ किंवा ४-१६ बहुतेकांना पुरतो. ५० मिलीमीटरची पुढची काच १० पट झूमला ५ मिलीमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्याला देते, २० पटला फक्त अडीच, म्हणजे संध्याकाळी चित्र काळवंडतं. साइड फोकस (बाजूचा फोकसचा नॉब) मात्र घ्या, लांबच्या अंतराला पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमही हललेला दिसणं) काढायला तो लागतोच. आणि सेकंड फोकल प्लेनचा (झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं असा) स्कोप असेल तर रेटिकलवरच्या खुणा एकाच झूमला बरोबर असतात, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त झूमला. हे महत्त्वाचं आहे कारण वाऱ्याचं काम डायल करत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ४०० मीटरला ६.५ क्रीडमोरची गोळी जवळजवळ फूटभर सरकवतो, आणि ते रेटिकलवरच्या खुणांनीच सांभाळायचं आहे.

स्कोप आला की चांगल्या रिंगांमध्ये (स्कोप रायफलवर धरणाऱ्या कड्यांमध्ये) सरळ बसवा, स्क्रू टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेत तेवढेच आवळा. मग ट्रॅकिंगची टेस्ट: १०० मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेघ मारा, खालच्या टिंबावर नेम धरून मारा, नंतर १० मिल वर फिरवून परत त्याच टिंबावर नेम धरून मारा. दुसरा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) बरोबर १ मीटर वर यायला हवा आणि रेघेवरच हवा. ९६ सेंटीमीटर आला तर डायल कितीही सुंदर कोरा, उपयोग नाही, स्कोप परत करा. रेघ सोडून बाजूला गेला तर बहुधा स्कोप तिरका बसलाय.

आता गोळी पक्की करा आणि क्रोनोग्राफवर वेग मोजा. बॉक्सवरचा वेग कंपनीच्या टेस्ट बॅरलचा असतो, तुमची नळी आखूड असेल तर तो मिळणार नाही. डायल बनवणाऱ्याला हा वेग, गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवेत ती वेग किती टिकवते त्याचा आकडा), झिरोचं अंतर, नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची, आणि जिथे शिकार करणार तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान एवढं द्यायचं. शेवटचे दोन लोक अंदाजे ठोकून देतात. २५०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने विरळ असते, त्यामुळे वरच्या हवेचा डायल खाली वापरला तर ३०० पर्यंत फार फरक जाणवत नाही पण ५०० ला गोळी दहाएक सेंटीमीटर खाली लागू शकते. दोन्हीकडे जाणार असाल तर दोन डायल करून घ्या. डोंगर उतारावर मारायचं असेल तर कोनाचा हिशोब करणारा रेंजफाइंडर घ्या आणि त्याने दिलेलं सुधारलेलं अंतरच डायलवर लावा.

कोरायला देण्याआधी मात्र एक काम. साध्या डायलवर पांढरी टेप चिकटवा, बॅलिस्टिक अॅपमधून आलेल्या खुणा पेनाने करा आणि ३००, ४००, ५०० ला प्रत्यक्ष मारून बघा. ४०० ला बरोबर आणि ५०० ला खाली जात असेल तर बहुतेक वेळा वेगाचा आकडा चुकलेला असतो, तो थोडा कमी करून बघा. जमलं की मगच ऑर्डर द्या आणि त्याच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसं जमतील तेवढी घेऊन ठेवा. नवा लॉट आणलात तर आधी वेग परत मोजा, फरक जास्त असेल तर कोरलेला डायल बाजूला ठेवून टेपवर या.